घरबांधणीतील लाकूड, काल आणि आज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा दुरुस्त करावा की पाडावा या पेचात असलेले मालक, कोकणात कौलारू घर बांधू पाहणारी कुटुंबे आणि नव्या सदनिकेला दारे कशाची बसवावीत असे विचारणारे ग्राहक यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील हवामान, येथे मिळणारे लाकूड आणि येथील बांधकामाची रीत डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

महाराष्ट्रात लाकडी बांधकामाची परंपरा किती जुनी आहे?

तिचा सर्वांत बोलका पुरावा दगडात आहे. मावळातील भाजे येथील चैत्यगृहातले खांब सरळ उभे नसून आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. डोंगर पोखरून केलेल्या लेण्यात खांब कलते ठेवण्याची काहीच गरज नसते, कारण तेथे वरचे छत खांबांवर तोललेलेच नसते. लाकडी कमानदार छताचा भार बाहेर ढकलला जाऊ नये म्हणून मात्र खांब आत कलते ठेवावे लागत. लेणी खोदणाऱ्या कारागिरांनी आपल्या ओळखीची लाकडी इमारत जशीच्या तशी कातळात उतरवली, एवढाच याचा अर्थ आहे. भाजे येथे चैत्यगृहाचा दर्शनी भागही मुळात लाकडाचा होता आणि तो अडकवण्यासाठी कातळात पाडलेली भोके आजही दिसतात.

कार्ल्याचे चैत्यगृह याहून विलक्षण आहे. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असलेल्या या दालनाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्या कोणताही भार उचलत नाहीत, हे खरे. पण सह्याद्रीच्या पावसात, दमट हवेत, कोणत्याही आधुनिक रसायनाविना लाकूड इतकी शतके टिकते, याला तेथील परिस्थिती कारण आहे: त्यावर पाणी पडत नाही, ते जमिनीला टेकत नाही आणि त्याच्याभोवती हवा खेळती राहते. या तीन अटींचा उल्लेख पुढे वारंवार येईल, कारण लाकडाचे आयुष्य ठरवताना त्याच्या वयापेक्षा त्यांचा विचार आधी करावा लागतो.

वाडा कशावर उभा असतो, भिंतींवर की लाकडावर?

पेशवेकालीन आणि त्या धाटणीच्या बहुतेक वाड्यांत मुख्य भार लाकडी सांगाडा उचलतो आणि भिंती त्या सांगाड्याच्या मधल्या जागा भरतात. अनेक मालकांना हे ठाऊक नसते. भिंतीचा गिलावा पडला, विटा निखळल्या की वाडा खचला असे त्यांना वाटते, आणि धोका खरोखर जेथे असतो त्या खांबाच्या तळाकडे कोणी पाहत नाही.

रचना पुढीलप्रमाणे असते. दगडी जोत्यावर घडीव दगडाचा तळखडा बसवतात आणि त्यावर लाकडी खांब उभा करतात. तळखड्यामुळे खांबाचे टोक जमिनीच्या ओलीपासून दूर राहते. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरणारा हस्त असतो, त्यावर तुळई टेकते, आणि तुळईमुळे पडणारा भार हस्तावर विभागला जाऊन खांबात उतरतो. तुळयांवर एकमेकींच्या जवळ आडव्या कड्या टाकून त्यांवर फळ्या म्हणजे पाट अंथरले की कडीपाट तयार होतो. पाटांवर मातीचा थर देऊन वरच्या मजल्याची जमीन करतात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे ते खणांच्या संख्येवर सांगण्याची रीत होती. देशावरच्या पाऊस कमी असलेल्या भागात शेवटच्या कडीपाटावर जाड मातीचे माळवद येते, तर पावसाच्या प्रदेशात आढे, वासे आणि कौलांचे उतरते छप्पर येते.

या सर्व अवयवांचे सांधे मुख्यतः सालकुशीचे असतात. एका लाकडाच्या टोकाला कूस म्हणजे पुढे आलेली जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची साल म्हणजे खाच पाडायची, आणि आवश्यक तेथे आरपार लाकडी खुंटी मारायची. लोखंडी खिळा गंजतो, त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून कमकुवत होते आणि सांधा ताठर होतो. सालकुशीच्या सांध्याला मात्र थोडीशी हालचाल चालते, आणि खुंटी काढून तो सोडवताही येतो. त्यामुळे कुजलेला एखादाच अवयव बदलणे शक्य होते.

शनिवारवाडा पूर्ण लाकडी होता का? आणि तो जळाला म्हणजे लाकडी इमारत धोकादायक, असे समजावे का?

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलांतून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आणला गेला. तट, बुरूज आणि दरवाजे दगड-विटांचे होते, तर आतले दिवाणखाने आणि महाल मुख्यतः सागाच्या सांगाड्यावर उभे होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले सर्व जळाले, आणि आज आपण पाहतो ती जोती आणि तटबंदी उरली. पुण्यातलाच बुधवारवाडा १८७९ साली जळाला. मुंबईत १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या दाट वस्तीला लागलेल्या आगीने बाजारपेठेचा मोठा भाग नष्ट केला. तेव्हा आगीची भीती निराधार आहे असे कोणीही जबाबदारीने म्हणू शकणार नाही.

परंतु लाकूड जळते कसे, हे समजून घेतले पाहिजे. पातळ फळी, रीप, पडदा, गादी यांना आग चटकन धरते. जाड तुळई मात्र पृष्ठभागापासून हळूहळू कोळसत जाते. कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे जळण्याचा वेग दर मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढाच राहतो. आठ इंच जाडीची तुळई अर्धा तास आगीत राहिली, तर प्रत्येक उघड्या बाजूने जेमतेम दोन सेंटिमीटर लाकूड जाते आणि आतला गाभा बराच काळ भार पेलत राहतो. उघडे पोलाद जळत नाही, पण ५५० ते ६०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते अकस्मात वाकते. म्हणूनच आज लाकडी इमारतीची रचना करताना कोळसणारा थर आधीच हिशोबात धरून अवयवाची जाडी वाढवली जाते.

वाड्यांच्या आगी प्रत्यक्षात कशा पसरतात, हेही पाहावे. कडीपाटावरून ओढलेल्या जुन्या वायरी, फळ्यांवर ठेवलेले अडगळीचे सामान, जिन्याखालचे गॅस सिलिंडर आणि एकाच अरुंद लाकडी जिन्यावर अवलंबून असलेले पाच-सहा बिऱ्हाडकरू, ही धोक्याची खरी ठिकाणे आहेत. वायरिंग नव्याने धातूच्या नळीतून करणे, प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच तो तोडणारा योग्य क्षमतेचा एमसीबी आणि गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवणे, माळे मोकळे ठेवणे आणि बाहेर पडायचा दुसरा मार्ग खुला ठेवणे, एवढे केल्याविना वाड्याच्या नक्षीवर एक रुपयाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किल्लारीच्या भूकंपात माळवदाची घरे पडली. मग लाकडी सांगाडा सुरक्षित कसा म्हणता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील घरांच्या भिंती दोन फुटांहून जाड, गोलसर ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना दगडांच्या रांगा आणि मध्ये भर, अशी ती भिंत असे. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड, म्हणजे बांधदगड, तीत फारसे नसत. हादरे बसताच दगड निखळले आणि भिंत फुटून कोसळली. वर एक ते दोन फूट जाडीच्या मातीचे माळवद, म्हणजे प्रचंड वजन.

भूकंपानंतर अभियंत्यांनी नोंदवलेली गोष्ट सामान्य चर्चेत मागे पडली. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर न टाकता स्वतंत्र लाकडी खांबांवर आणि तुळयांवर टाकलेला होता, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा आणि त्यावरचे छत अनेक ठिकाणी उभे राहिले. लोक अशा रचनेला खणाचे घर म्हणत. दोष लाकडाचा नव्हता. तो बांधदगड नसलेल्या दगडी भिंतीचा आणि दरवर्षी गळती थांबवण्यासाठी वर चढवत नेलेल्या मातीच्या वजनाचा होता. पुनर्वसनानंतर मराठवाड्यात लोकांनी लाकूड आणि दगड दोन्ही एकदमच सोडून सिमेंटचा आश्रय घेतला. त्या रात्री ज्यांनी माणसे गमावली त्यांच्या मनाची ती अवस्था समजण्यासारखी आहे, मात्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात चांगल्या रचनेचाही बळी गेला.

आजही माळवदाच्या घरात राहत असाल, तर पहिले काम म्हणजे वरची जादा माती उतरवून तेथे हलका, पाणी न झिरपणारा थर देणे. दुसरे म्हणजे भिंतीत बांधदगड किंवा काँक्रीटचे बांधक घालणे आणि तुळया खांबांना तिरप्या आधारांनी जखडणे.

सागालाच इतके महत्त्व का?

साग हे सर्वांत मजबूत लाकूड नव्हे, साल वृक्षाचे लाकूड त्याहून जड आणि ताकदवान आहे. सागाचे मोल त्याच्या समतोलात आहे. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे काँक्रीटच्या जवळपास एक चतुर्थांश. वाळताना आणि ओल लागताना तो इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी आकसतो आणि कमी फुगतो, म्हणून त्याच्या चौकटी वाकत नाहीत. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवी आणि बुरशी त्याला सहसा शिवत नाहीत. त्यातल्या सिलिकामुळे सुताराच्या पटाशीची धार लवकर जाते, एवढीच त्याची तक्रार.

ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, सागात तसे होत नाही. म्हणूनच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी सागाची जहाजे बांधली गेली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

येथे एक इशारा द्यावा लागेल. वरील सर्व गुण सागाच्या गाभ्याचे आहेत, सालीलगतच्या फिकट लाकडाचे नव्हेत. तो फिकट भाग कोणत्याही सामान्य लाकडाइतकाच किडीला बळी पडतो. १५-२० वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात फिकट भागाचे प्रमाण मोठे असते. विकत घेताना ‘साग आहे का’ एवढेच न विचारता ‘गाभा किती आहे’ हे कापलेल्या टोकाकडे पाहून ठरवावे.

कोकणातली घरे सागाचीच असत का?

नाही, आणि कोकणी सुताराचे शहाणपण तेथेच दिसते. घरातल्या प्रत्येक कामाला वेगळे लाकूड ठरलेले असे. खांब आणि तुळयांना ऐन, किंजळ, जांभा यांसारखी भारदस्त लाकडे, दारे-खिडक्या आणि देवघराला फणस, हलक्या आणि नेमक्या कामाला शिवण, वाशांना माड किंवा भेरलीमाडाचे जुने खोड, आणि रिपांना चिरलेली पोफळ. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तांबूस-तपकिरी होत जाते. वापराने गुळगुळीत झालेल्या त्याच्या उंबऱ्याची झाक सागालाही येत नाही, हे या लेखकाचे वैयक्तिक मत नोंदवून ठेवतो.

छपराचे लाकूडकाम कौलांनुसार बदलले. पूर्वीची नळीची कौले नुसती रचून ठेवलेली असत, त्यामुळे खाली दाट वासे-रिपा लागत आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलांचा कारखाना सुरू केला. ती कौले किनारपट्टीवर सर्वत्र पोचली आणि ठराविक अंतरावरच्या सरळ, एकसारख्या रिपा आवश्यक झाल्या. हाताने तासलेल्या वाशांऐवजी करवतीने चिरलेले लाकूड आणि कैच्या म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे येण्यामागे हेही एक कारण आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या खिडक्या आढळतात. त्यांतून येणारा मऊ उजेड पाहण्यासारखा असतो आणि अशा खिडक्या काढून टाकू नयेत, ही विनंती.

मग लाकडाचा वापर इतका कमी का झाला?

अनेक कारणे एकावर एक येत गेली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढच्या दशकांत रुळांखालच्या स्लीपरांसाठी प्रचंड लाकूड तुटले. त्या टंचाईतूनच सरकारी वनखाते आणि १८६५, १८७८ व १९२७ चे वनकायदे आले. ज्या जंगलातून गावकरी घरासाठी वासे आणत, ते राखीव झाले. मुंबईत चाळी आणि इमारती उभारताना ब्रह्मदेशातून येणारा साग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, पण लोखंडी तुळया आणि नंतर आरसीसी यांनी त्याची जागा घेतली. स्वातंत्र्यानंतर सिमेंटवर दीर्घकाळ नियंत्रण होते. १९८२ साली ते अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले, आणि गावोगाव स्लॅबची घरे दिसू लागली.

१९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाला पर्याय वापरण्यावर भर दिला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाबाबतच्या गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने जंगलतोडीला आणि विनापरवाना सॉ मिलना मोठाच लगाम घातला. जंगलांच्या दृष्टीने हे आवश्यक होते. दारांच्या चौकटी लाकडाऐवजी लोखंडी पत्र्याच्या, पीव्हीसीच्या, अॅल्युमिनियमच्या झाल्या. हे पर्याय बनवायला किती ऊर्जा लागते, याची चर्चा त्या काळात जवळजवळ झालीच नाही. २०२० मध्ये केंद्रीय बांधकाम विभागाने ती बंदी मागे घेतली.

आज वखारीत मिळणारा साग कोठून येतो?

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, त्यामुळे ‘बर्मा टीक’ या नावाने अखंड ओंडक्यांचा माल मिळणे दुरापास्त झाले. ते नाव सांगून चढा दर मागणाऱ्याला कागदपत्रे विचारावीत. सध्याच्या आयातीत आफ्रिका तसेच मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीच्या सागाचा वाटा मोठा आहे. हे लाकूड वाईट नसते, पण झाडे कोवळी असल्याने गाभा कमी असू शकतो.

आपल्याकडचा उत्तम साग चंद्रपूर-गडचिरोलीचा. आलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारपूरच्या आगारातून लिलावाने विकला जाणारा हा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तेथूनच लाकूड गेले.

माझ्या शेतात सागाची झाडे आहेत. ती तोडून घराला वापरू शकतो का?

परवानगीविना नाही. ‘महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४’ खालील अनुसूचित झाडांमध्ये साग येतो आणि झाड तुमच्या मालकीचे असले तरी तोडीची परवानगी तसेच लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आधीच करून घेतल्यास पुढची दगदग वाचते. बांबूच्या बाबतीत वनकायद्यात २०१७ साली वटहुकुमाने बदल होऊन खासगी जमिनीवरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

नवी लाकडी दारे पावसाळ्यात अडकतात. सुताराची चूक आहे का?

बहुधा चूक लाकूड पुरेसे न वाळवता वापरल्याची असते, आणि ती बरेचदा मालकाच्या घाईमुळे होते. ताज्या लाकडातले पाणी कमी होत होत साधारण ३० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड आकसू लागते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने आकसण्याचे प्रमाण गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. याच फरकामुळे फळी पन्हळीसारखी वळते. रत्नागिरीच्या दमट हवेत स्थिरावलेले लाकूड सोलापूरला नेले तर ते पुन्हा आकसते, म्हणून भारतीय मानकांत देशाचे हवामानानुसार विभाग करून प्रत्येक विभागासाठी लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा ठरवल्या आहेत.

ओलावा मोजायचे छोटे यंत्र वखारवाल्याकडे असते, आपल्यासमोर मोजून घ्यावे. चिरलेले लाकूड सावलीत, जमिनीपासून उंच, थरांमध्ये पट्ट्या ठेवून रचले तर इंच-दीड इंच फळीला अनेक महिने लागतात. भट्टीत ते काही दिवसांपासून दोनतीन आठवड्यांपर्यंतच्या काळात वाळते. दार बसवल्यावर त्याची वरची आणि खालची कड पॉलिशविना सोडू नये. पाणी तेथूनच आत शिरते आणि बहुतेक ठिकाणी याच दोन कडा पॉलिशविना राहिलेल्या आढळतात.

वाळवी लागली आहे की भुंगा, कसे ओळखावे?

मातीच्या नळ्या दिसल्या, लाकूड वरून शाबूत आणि ठोकल्यावर पोकळ वाजले, तर वाळवी. ती जमिनीतून येते आणि ओल असेल तेथे येते. म्हणून केवळ दिसणाऱ्या नळ्यांवर औषध फवारून ती जात नाही, जोत्यालगतच्या मातीवरही उपचार करावा लागतो, आणि त्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकात दिली आहे. मैद्यासारखी बारीक पूड आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर भुंग्याची कीड. ती लाकडाच्या फिकट भागातील पिष्टावर (स्टार्चवर) जगते. नव्या लाकडावर बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया केल्यास ती टळते, मात्र बोरॉनचे क्षार पाण्याने वाहून जातात, म्हणून ही प्रक्रिया उघड्यावरच्या लाकडाला पुरत नाही.

तिसरा शत्रू कुजवणारी बुरशी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढूच शकत नाही. म्हणजे फुटलेले कौल बदलणे हा बुरशीवरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

प्लायवूड घेताना काय पाहावे?

सामान्य प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हे मानक असते. शिक्क्यावर क्रमांक आणि परवाना दोन्ही छापलेले हवेत. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. ओट्याखालच्या कपाटाला आयएस ७१० घ्यावे, बेडरूममध्ये त्याची गरज नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, ओल्या जागी वापरू नये.

लाकूड वापरले तर जंगलांचा नाश होत नाही का?

ते कोठून आले यावर सर्व अवलंबून आहे. नैसर्गिक जंगलातून बेकायदा तोडलेले लाकूड कितीही सुंदर असले तरी ते घरात आणू नये. शेतातली आणि लागवडीची झाडे तोडून पुन्हा लावली जात असतील, तर हिशोब उलटा होतो. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर सागात सुमारे २९० किलो कार्बन असतो, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड घराच्या चौकटींत आणि तुळयांत बंद राहतो. सिमेंट आणि पोलाद तयार करताना मात्र हा वायू हवेत सोडला जातो.

याच कारणाने युरोप आणि अमेरिकेत लाकडी इमारती पुन्हा उभ्या राहत आहेत. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेले ‘क्रॉस लॅमिनेटेड टिंबर’ १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकसित झाले. नॉर्वेतील म्योस्टॉर्नेट ही २०१९ साली पूर्ण झालेली १८ मजली लाकडी इमारत ८५.४ मीटर उंच आहे. अमेरिकेतील मिलवॉकी येथील २५ मजली ‘असेंट’ ८६.६ मीटरची आहे, तिचे खालचे मजले मात्र काँक्रीटचे आहेत. आपल्याकडे शंकूधारी झाडांची एवढी लागवड नाही आणि वाळवीचा त्रास मोठा आहे, म्हणून हे तंत्र जसेच्या तसे येथे आणण्याची घाई करू नये. नीलगिरी, सुबाभूळ आणि बांबू यांपासून भारवाही अवयव बनवण्याकडे आपण अधिक लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते. हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योग शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉप्लर आणि नीलगिरीवर उभा आहे, तेव्हा शेतातल्या लाकडावर उद्योग चालू शकतो हे आपल्या देशात सिद्ध झालेले आहे.

आमच्या वाड्यातला एक खांब तळाशी कुजला आहे. सर्व खांब बदलावे का?

बहुतेक वेळा नाही. आधी कूज किती आत गेली आहे ते पाहावे. अणकुचीदार सळई टोचावी, जेथे ती सहज आत जाते तेथपर्यंत लाकूड गेले आहे आणि जेथे ती अडते तेथून वरचा खांब सशक्त आहे. कूज तळापासून फूट-दीड फुटापर्यंत असेल तर तेवढाच भाग कापून त्याजागी त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधता येतो. त्याआधी तुळईखाली दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू आणि जॅक लावून भार उचलून घ्यावा लागतो. उचलताना घाई केली तर वरच्या मजल्याचा गिलावा तडकतो, म्हणून जॅक दिवसाला थोडा थोडा फिरवतात. जुना आणि नवा तुकडा एकमेकांवर तिरपा चढवून, आरपार बोल्ट घालून किंवा लाकडी खुंट्या मारून जोडतात. नव्या तुकड्याचा ओलावा जुन्या खांबाइतकाच हवा, अन्यथा तो आकसून सांध्यात फट पडते.

खांब कुजला का, याचे उत्तर मिळाल्याविना हे काम हाती घेऊ नये. गेल्या काही दशकांत चौकातली फरसबंदी काढून त्यावर सिमेंट किंवा टाइल्स घातल्या जातात आणि जमिनीची पातळी चार-सहा इंचांनी वाढते. तळखडा त्याखाली गाडला जातो, खांबाचे टोक थेट सिमेंटात अडकते आणि धुण्याचे पाणी तेथे साचू लागते. ही सर्वांत सामान्य चूक आहे. अशा वेळी खांबाभोवतीची फरशी फोडून तळखडा पुन्हा मोकळा करावा आणि पाण्याला चौकातून बाहेर उतार द्यावा. खांबावरचा ऑइलपेंटचा जाड थरही खरवडून काढावा, कारण तो आतली ओल बाहेर पडू देत नाही. त्याऐवजी जवसाचे तेल चालते. दोन पावसाळ्यांनंतर सळई पुन्हा टोचून पाहावी. ती मूळच्या जागीच अडली, तर बाकीचे खांब तसेच ठेवावेत.